तिघींचा हिशेब

एकत्र कुटुंबांत वाद कशावरून निघेल याचा नेम नसतो. गेल्या श्रावणांत आम्ही चार दिवस जालन्यास आमच्या वडील बंधूंच्या घरीं होतों. कुंडलिकेच्या कांठीं जुन्या जालन्यांत हें घर आहे. सोमवारचा उपास सोडावयाच्या पंक्तीला पंधरा-सोळा पानें तेथें सहज मांडलीं जातात. त्या पंक्तींत वाद निघाला तो वांटणीचा नव्हे, सोयरिकीचा नव्हे, तर वहीच्या एका पानाचा. पुतण्याची धाकटी मुलगी शाळेच्या खो-खोच्या संघांत आहे. जिल्ह्याच्या शालेय स्पर्धेसाठीं शिक्षकांनीं बाराजणींचा संघ करून त्यांतून मैदानांत उतरणाऱ्या नऊजणींची यादी केली होती, व त्या नऊजणींत तिचें नांव नव्हतें. कारण विचारतां शिक्षकांनीं वही पुढें केली. वहींत प्रत्येक मुलीच्या नांवापुढें तिची सरासरी पळती, म्हणजे ती एका वेळीं किती मिनिटें टिकली, तें लिहिलें होतें. आणि आमच्या नातीचा आंकडा बाराजणींत खालून तिसरा होता.

मुलगी अर्धपोटीं पानावरून उठली. तिच्या आईला वाईट वाटलें, आजीला राग आला. परंतु आंकड्याविरुद्ध बोलावें तरी काय, हा प्रश्न सर्वांनाच पडला. मनुष्यानें पक्षपात केला असतां त्यास बोल लावतां येतो. आंकड्यास कोण बोल लावणार?

खो-खो हा असा खेळ आहे कीं, तो आपल्यापैकीं बहुतेकांनीं खेळलेला असतो, परंतु त्याचे नियम फार थोड्यांनीं वाचलेले असतात. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें १९१४ च्या सुमारास ते प्रथम लिहून काढले. १९३५ त अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळानें ते सुधारून प्रसिद्ध केले. १९३६ त अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगीं आपल्या देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें दाखविलीं, त्यांत खो-खोहि होता. या खेळाचें सारें मर्म पळणाऱ्या बाजूच्या एका नियमांत आहे. पाठलाग करणारे आठजण दोन खांबांमधील पट्टींत आळीपाळीनें विरुद्ध दिशांना तोंडें करून बसतात व नववा धांवतो. पळणारे मात्र एकदम नऊ उतरत नाहींत. ते तिघां-तिघांच्या तुकडीनें उतरतात. पहिल्या तुकडींतील तिघेहि बाद झाल्यावांचून दुसरी तुकडी आंत येत नाहीं, आणि कोणामागून कोण येणार तो क्रम कर्णधारानें गुणलेखकाकडे आधीं नोंदवावयाचा असतो. मोठ्यांची पाळी नऊ मिनिटांची, लहान वयाच्या गटांत ती सात मिनिटांची. तेव्हां खो-खोच्या कर्णधारापुढें नुसता नऊ गडी निवडण्याचा प्रश्न नसून कोणते तीन गडी एकत्र ठेवावयाचे व त्या तीन तुकड्या कोणत्या क्रमानें सोडावयाच्या हाहि असतो. वर्तमानपत्रांत मात्र आपण दुसऱ्या दिवशीं काय वाचतों? अमुक २.१० मिनिटें पळाला, अमुकानें १.५० मिनिटें संरक्षण केलें. तिघे एकत्र उतरतात, आणि वेळ मात्र एकेकट्याच्या नांवावर जमा होतो.

या आंकड्यांत लबाडी कोणाचीहि नाहीं. परंतु ते जें सांगतात असें आपण समजतों तें ते सांगत नाहींत. एक उदाहरण घेऊं. समजा, एका तुकडींत गंगा, यमुना व सरस्वती अशा तिघी आहेत. गंगा १ मिनिट १० सेकंदांनीं बाद झाली, यमुना १ मिनिट ५० सेकंदांनीं, आणि सरस्वती २ मिनिटें २० सेकंदांनीं. गुणलेखक लिहिणार १.१०, १.५०, २.२०, आणि वही वाचणारा म्हणणार कीं, सरस्वती सर्वांत चांगली पळते. आतां समजा, पाठलाग करणाऱ्यांनीं प्रथम गंगेचाच पिच्छा धरला होता, ती गेल्यावर यमुनेचा, आणि शेवटीं सरस्वतीचा. मग खरा हिशेब असा होतो: गंगेनें पाठलाग सोसला ७० सेकंद, यमुनेनें ४० सेकंद आणि सरस्वतीनें ३० सेकंद. जिचा आंकडा सर्वांत लहान तीच सर्वांत अधिक झुंजली. आणि सरस्वतीच्या २ मिनिटें २० सेकंदांपैकीं पहिलीं पावणेदोन-दोन मिनिटें दुसऱ्या दोघींनीं तिला मिळवून दिलेलीं आहेत. प्रत्यक्ष मैदानावर पाठलाग इतक्या सरळपणें होत नाहीं, हें आम्हांस ठाऊक आहे. जो जवळ सांपडेल त्यावर सूर मारावयाचा असतो. तथापि नांवापुढील वेळ हा तिघींच्या सामाईक कमाईचा असतो, हें त्यामुळें खोटें ठरत नाहीं.

सामाईक कमाईची गोष्ट एकत्र कुटुंबांतील माणसास समजावून सांगावी लागूं नये. ज्याच्या हातून पैसा घरांत येतो त्याचें नांव होतें. आणि ज्याच्यामुळें त्याला घरची काळजी न वाहतां बाहेर राबतां येतें, त्याचें नांव जमाखर्चाच्या कोणत्याच रकान्यांत सांपडत नाहीं. पण हें विषयांतर झालें.

जालन्यांत खेळांतील आंकडा म्हटला कीं ओठांवर प्रथम येतो तो ४५१. विजय झोल हा येथलाच मुलगा. २०११ त कूच बिहार करंडकाच्या स्पर्धेंत महाराष्ट्राच्या १९ वर्षांखालील संघाकडून खेळतांना त्यानें आसामविरुद्ध नाबाद ४५१ धांवा काढल्या, आणि २०१४ त संयुक्त अरब अमिरातींत झालेल्या १९ वर्षांखालील विश्वचषक-स्पर्धेंत तो भारताचा कर्णधार होता. पंक्तींतील एका तरुणानें हेंच उदाहरण पुढें केलें. "आंकडा खोटा असता तर झोल जालन्याहून तेथवर पोंचला असता कां?" मुद्दा बिनतोड वाटला खरा, परंतु क्रिकेटमध्यें धांवा फलंदाजाच्या स्वतःच्या असतात, समोरच्या टोंकाच्या गड्याची त्यांत मदत असली तरी चेंडू ज्यानें टोलविला त्याच्याच नांवावर त्या मांडल्या जातात. शिवाय क्रिकेटच्या हिशेबनिसांनीं एक शहाणपण फार पूर्वींच केलें आहे. नाबाद राहिलेल्याच्या धांवा बेरजेंत धरतात, परंतु भागतांना ती खेळी मोजीत नाहींत. एकूण धांवांस तो जितक्या वेळां बाद झाला त्या संख्येनें भागतात. खो-खोच्या वहींत ही काळजी घेतलेली नव्हती. शेवटची तुकडी पाळी संपण्यास पन्नास सेकंद उरले असतां आंत आली आणि तिघीहि नाबाद राहिल्या, तर त्यांच्या नांवापुढें ०.५० लागतें, आणि सरासरींत तें जणूं अपयश म्हणून शिरतें! आमची नात बहुधा तिसऱ्या तुकडींत असे. तिचे कित्येक लहान आंकडे हे वस्तुतः नाबाद राहिल्याचे होते.

ही गोष्ट लक्षांत आली ती पुतण्याच्या. तो बियाण्यांच्या एका कंपनींत नोकरीस आहे. जालना हें बियाण्यांचें गांव; बद्रीनारायण बारवाले यांनीं १९६४ त महिको येथेंच स्थापन केली, आणि तेव्हांपासून या गांवांत वाणांची पारख करणें हा अनेक घरांचा व्यवसाय झाला आहे. पुतण्यानें रात्रीं शिक्षकांची वही मागून आणली व ओसरीवर दिव्याखालीं घेऊन बसला. प्रथम त्याला आढळली ती एक साधी चूक. शाळेंतील कोणा होतकरूनें सरासरी काढतांना १.५० आणि २.१० यांची बेरीज यंत्रावर केली होती. यंत्र बिचारें दशांशाचें, त्यानें ३.६० असें उत्तर दिलें व सरासरी १.८० आली. परंतु १.५० म्हणजे दीड मिनिट नव्हे, तो एक मिनिट पन्नास सेकंद. खरी बेरीज चार मिनिटें, आणि सरासरी पुरीं दोन मिनिटें. मिनिटाचे सेकंद साठ, हें तिसरींतल्या मुलासहि ठाऊक असतें. तरी यंत्र हातीं आलें कीं आपण तें विसरतों. अशा चुका सर्वच नांवांपुढें होत्या, त्यामुळें क्रम फारसा बदलला नाहीं. वहीवरचा विश्वास मात्र किंचित् ढळला.

दुसरें काम त्यानें केलें तें अधिक मोलाचें होतें. वाण पारखण्याची रीत अशी कीं, जमीन एक, पाणी एक, खत एक. शेजारशेजारच्या वाफ्यांत बदल तो फक्त वाणाचा. त्यानें हीच रीत वहीस लावली. कोणत्या सामन्यांत कोणत्या तिघी एकत्र उतरल्या हें शिक्षकांनीं प्रामाणिकपणें लिहून ठेवलें होतें, परंतु बेरीज करतांना कोणी तें पाहिलें नव्हतें. ज्या वेळीं त्याच दोन मुली होत्या आणि तिसरी तेवढी बदलली होती, असे प्रसंग त्यानें वेंचून काढले, आणि प्रत्येक तुकडीचा एकूण वेळ मांडून त्यास तिच्यांतील बाद झालेल्या मुलींच्या संख्येनें भागलें. मग दिसूं लागलें कीं, तिसरी म्हणून आमची नात असली म्हणजे तुकडी बहुधा अधिक टिकली आहे. एका ठिकाणीं मात्र अगदीं उलट होतें, तेंहि त्यानें लिहून ठेवलें. स्वतःच्या मुलीचा प्रश्न असतां उलट पुरावा लिहून ठेवणें ही सामान्य गोष्ट नव्हे.

कारण काय तें मात्र वहींत नव्हतें. तें सांगितलें आमच्या अक्कांनीं. या आमच्या थोरल्या भगिनी; वय ऐंशींच्या पुढें, शाळेंत असतां लंगडी व खो-खो दोन्ही खेळलेल्या. दोन दिवस त्या मारुतीच्या देवळापुढच्या मैदानाच्या कडेस खुर्ची टाकून सराव पाहत होत्या. समर्थांचें जांब याच जिल्ह्यांत. तेव्हां मारुतीपुढें मुलींनीं धांवावें यांत आक्षेपार्ह तें काय, असें त्या घरांतल्या जुन्या मंडळींना ऐकवीत. पुतण्यानें कागद वाचून दाखविला तेव्हां त्या म्हणाल्या, "अरे, यासाठीं रात्रभर तेल कशाला जाळलेंस? ती आधीं बाद होते, कारण ती आधीं अंगावर घेते. मारणारी उठली कीं ही मुद्दाम तिच्या नजरेसमोर येते, दोन बसलेल्यांमधून साखळी काढते, आणि बाकीच्या दोघी तोंवर खांबापाशीं दम खात उभ्या राहतात. मग शेवटच्या मिनिटाला त्यांच्या पायांत जोर राहणार नाहीं तर काय?"

पुतण्या म्हणाला, "आत्या, हें तूं आधीं कां नाहीं सांगितलेंस?"

"मला कोणी विचारलें होतें?"

हा प्रश्न जालन्याच्या ओसरीवरच उभा राहिला असें नाहीं. उत्तर अमेरिकेंतील बर्फावरच्या हॉकींत गडी मैदानांत असतां आपल्या संघानें किती गोल केले व किती खाल्ले, यांची वजाबाकी १९६७-६८ च्या हंगामापासून अधिकृतपणें ठेवतात. बास्केटबॉल हा पांच गड्यांचा खेळ. गडी सामना चालू असतां पुनःपुन्हां बदलतात, म्हणून तेथें कोणते पांच एकत्र असतांना संघ पुढें गेला व कोणते असतांना मागें पडला याचे तक्तेच्या तक्ते होतात, आणि पहिल्या पांचांत कोणास घ्यावें यावर त्यांच्या आधारें रणें माजतात. ह्यूस्टनच्या संघांतील शेन बॅटियर या खेळाडूविषयीं मायकेल लुईस यांनीं २००९ त न्यूयॉर्क टाइम्सच्या नियतकालिकांत एक लेख लिहिला. या गृहस्थाचे स्वतःचे आंकडे बेताचेच. परंतु तो मैदानांत असला म्हणजे त्याचे सोबती अधिक चांगले खेळत आणि प्रतिपक्षाचे नामांकित गडी अडखळत. आमच्या अक्कांना हा लेख वाचून दाखविला असता, तर त्यांनीं त्यांत नवें तें काय म्हणून विचारलें असतें.

तथापि तुकडीचा हिशेब म्हणजे ब्रह्मवाक्य, असें मानणाऱ्यांपैकीं आम्ही नाहीं. शाळेच्या संघाचे हंगामांत सामने होतात किती? त्यांत त्याच दोघी कायम व तिसरी बदललेली, असे प्रसंग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यांतहि एकदां समोर बलाढ्य शाळा, एकदां नवखी. चार वाफ्यांवरून वाण ठरवूं नये, हें बियाण्यांच्या गांवांत तरी सांगावयास नको. दुसरी मेख अशी कीं, जी मुलगी नेहमीं उत्तम पळणारीच्या तुकडींत ठेवली जाते, तिच्या हिशेबावर उसना उजेड पडतो. तुकडी टिकते एकीमुळें, श्रेय मिळतें तिघींना. म्हणजे जो दोष एकेरी आंकड्यांत, तोच दुसऱ्या बाजूनें यांतहि शिरतो. त्यावर उपाय एकच: तिघी आलटूनपालटून सोडाव्या, नोंद ठेवावी, आणि कडेस कोणी तरी डोळस माणूस बसवून कोणाचा पाठलाग झाला तें टिपून घ्यावें. पाठलागाच्या बाजूसहि हाच न्याय. गडी बाद केल्याचें श्रेय स्पर्श करणारीस मिळतें. नेमक्या क्षणीं नेमक्या जागीं खो देणारीचें नांव कोणत्याच रकान्यांत नसतें.

पंक्तींत आणखी एक वाद होता, तो क्रमाचा: उत्तम तुकडी पहिली कीं दुसरी? यावर बंधू व त्यांचे व्याही तावातावानें बोलत होते. आमच्या मतें हा वाद अर्ध्याहून अधिक पोकळ आहे. समजा, तीन तुकड्या अनुक्रमें दोन, दीड आणि एक मिनिट टिकतात. बेरीज साडेचार मिनिटें. नवांच्या नऊ बाद झाल्यावर पहिली तुकडी पुन्हां उतरते. म्हणजे नऊ मिनिटांत दोन पूर्ण फेऱ्या, अठरा गडी बाद. क्रम कसाहि लावा, अठराच. बेरीज इतकी नेमकी जुळली नाहीं म्हणजे उरल्यासुरल्या मिनिटाला कोणती तुकडी सांपडते, एवढाच क्रमाचा प्रश्न राहतो. त्यानें एखाद-दुसऱ्या गड्याचा फरक पडेल. अटीतटीच्या सामन्यांत एक गडी पुष्कळ, हें खरें. परंतु एका तुकडीस अर्धें मिनिट अधिक टिकविणारी तिसरी मुलगी शोधणें हें त्याहून मोठें काम आहे, आणि त्याकडे कोणाचेंच लक्ष नव्हतें.

नियम करणाऱ्यांना हें अलीकडे उमगूं लागलें असावें. २०२२ त पुण्यास बालेवाडीच्या क्रीडानगरींत अल्टिमेट खो-खो ही व्यावसायिक स्पर्धा प्रथम झाली. तींत तुकडी ठराविक वेळेपलीकडे टिकली तर संघास जादा गुण देण्याची पद्धत ठेवली होती. गुण तुकडीच्या टिकण्याचा, एकट्याच्या पळण्याचा नव्हे. जानेवारी २०२५ मध्यें दिल्लीस पहिली विश्वचषक-स्पर्धा झाली. पुरुष व स्त्रिया दोन्ही अंतिम सामन्यांत भारतानें नेपाळला हरविलें, आणि प्रतीक वाईकर व प्रियंका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचेच होते. स्त्रियांचा अंतिम सामना ७८ विरुद्ध ४० असा सुटला. त्यांत शेवटच्या पाळींत भारताची एक तुकडी पांच मिनिटांवर टिकली. बातम्यांत नांव झळकलें तें चैत्रा बी. हिचें, आणि तें योग्यच झालें. तिच्या बरोबरीनें उतरलेल्या दोघींचीं नांवें मात्र आमच्या ऐकण्यांत कोणी घेतलीं नाहींत.

पुतण्या व अक्का दोघेंहि शिक्षकांना भेटावयास गेलीं. अक्कांनीं रिक्षांतून उतरतांना त्याला बजावलें होतें कीं, "मुलीला घ्या" असें म्हणावयाचें नाहीं, वही तेवढी पुढें ठेवावयाची. शिक्षक सरळ मनाचे निघाले. दशांशाची चूक पाहून ते ओशाळले, पुढचा कागद त्यांनीं दोनदां वाचला, आणि म्हणाले, "एवढ्यावर यादी बदलणार नाहीं. पण येत्या दोन सराव-सामन्यांत तिला पहिल्या तुकडींत सोडतों. कोणाचा पाठलाग होतो तें आजींनीं लिहावें." अक्कांनीं तें तत्काळ कबूल केलें, मात्र लेखणी आपली व वहीहि आपली, अशी अट घातली.

रात्रीं मुलीस हें सांगितलें तेव्हां ती फारशी हरखली नाहीं. तिनें कागदावरचा हिशेब नीट समजून घेतला, आणि मग अक्कांना विचारलें, "म्हणजे आत्याआजी, मी आधीं बाद झालें तरच तुकडी टिकणार, आणि पेपरांत तर जी शेवटपर्यंत पळते तिचेंच नांव येतें. मग माझें कधीं येणार?"

अक्का दिव्यासमोर धरून सुईंत दोरा ओवीत होत्या. मुलीची गुडघ्यावरची पट्टी उसवली होती. त्यांनीं पट्टी ओढून घेतली व म्हणाल्या, "पाय पुढें कर, माप घेऊं दे."